दोन हात मारूनही भिंत चट्ट्याचट्ट्यांची दिसते तेव्हा

रंगाचे दोन हात झालेले असतात, डबा संपत आलेला असतो आणि खिडकीतून ऊन आत आलं की भिंतीवर ढगांसारखे चट्टे दिसू लागतात. कुठे रोलरच्या उभ्या रेघा, कुठे छताखाली चार बोटं रुंदीची गडद चौकट, कुठे पुट्टी भरलेल्या जागा ठिगळासारख्या उठून आलेल्या. पेंटर म्हणतो, "अजून एक हात मारू." घरमालकही हो म्हणतो. तिसरा हात वाळला की चट्टे पुन्हा त्याच जागी हजर, कारण बहुतेक वेळा ते रंग कमी पडल्यामुळे आलेलेच नसतात. भिंतीने रंग एकसारखा प्यायलेला नसतो, किंवा हात मारताना एका पट्ट्याची कड पुढचा पट्टा येण्याआधीच सुकलेली असते, किंवा मूळ भिंतच लाटांसारखी वरखाली असते. या तिन्हींवरचे इलाज वेगळे आहेत, त्यामुळे नवा डबा आणण्याआधी चट्टा कुठल्या जातीचा आहे ते ओळखायला हवं.

आणि तेही घाईने नको. प्लास्टिक पेंट वाळताना चट्टेदार दिसतोच. निकाल २४ तासांनी लावा, जून ते सप्टेंबरमध्ये दोन-तीन दिवसांनी.

ओळखायचं कसं

रात्री खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाइलची टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून प्रकाश भिंतीवरून घसरत जाईल असा धरा. सावल्या पडल्या तर दोष पृष्ठभागात आहे: पुट्टीचे उंचवटे, पुट्टी लावायच्या पत्तीच्या ओळी, रोलरची जाड कड. सावली नाही, तरी दिवसा चट्टा दिसतो, तर पुढची तपासणी करा. आधी भिंतीसमोर सरळ उभं राहून बघा, मग भिंतीच्या कडेला जाऊन तिरकं बघा. समोरून सगळं सारखं आणि तिरकं पाहिल्यावर काही भाग चकचकीत, काही निस्तेज, तर भिंतीने कमीजास्त शोषलं आहे. समोरूनही छटेत फरक दिसतो, तर रंग पातळ पडलाय, खालचा डाग वर आलाय किंवा ओल आहे. शेवटी ओलसर फडकं एका कोपऱ्यात हलक्या हाताने फिरवा. फडक्यावर रंग उतरला तर रंगात पाणी जास्त पडलं आहे, नाहीतर खालची पुट्टी किंवा जुना डिस्टेंपर सुटतोय.

ठिगळासारखे चट्टे: भिंतीची तहान

मुंबईतल्या घरांत सर्वांत जास्त दिसणारा दोष हाच, आणि तो समजून न घेता त्यावर सर्वांत जास्त रंग वाया जातो. इथली एकच भिंत चार तऱ्हेची असते. मूळचं सिमेंट प्लास्टर, त्यावर मागच्या वेळची पुट्टी, कन्सील वायरिंगसाठी चर पाडून नंतर भरलेली पट्टी, खिळ्यांची भोकं बुजवायला लावलेलं पीओपी. वर जुन्या प्लास्टिक पेंटचा थर काही ठिकाणी शाबूत, काही ठिकाणी खरवडलेला.

प्लास्टिक पेंट म्हणजे रंगद्रव्य, पांढरी भरणी, ॲक्रिलिक चिकट (रंग धरून ठेवणारं द्रव्य) आणि पाणी. कोरडी पुट्टी किंवा पीओपी त्यातलं पाणी झटकन ओढून घेतं आणि पाण्याबरोबर थोडं चिकटही आत जातं. वर उरलेला रंग निस्तेज पडतो. शेजारचा जुना रंग काहीच पीत नाही, तिथे सगळं चिकट वर राहतं आणि चमक येते. शेड एकच, चमक दोन, आणि डोळ्याला ते दोन रंग वाटतात. ल्यूस्टर किंवा सॅटिन फिनिशमध्ये हा फरक मॅटपेक्षा कितीतरी जास्त दिसतो.

इलाज प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात, आणि तोही ठिगळांपुरता नाही. नव्या पुट्टीच्या जागांवर आधी प्रायमरचा एक हात, तो वाळला की त्या जागांसकट अख्ख्या भिंतीवर दुसरा. नुसत्या ठिगळांवर प्रायमर मारून सोडलं तर पहिला फरक जातो आणि प्रायमर लावलेली-न लावलेली असा नवा फरक तयार होतो. भिंतभर नवी पुट्टी असेल तर एक हात पुरतो. पीओपी किंवा जिप्सम असेल तर दोन मारा, ते फार पितं.

प्रायमर वाचवायची सवय मात्र महागात पडते. दुकानातून एक लिटर आणायचं, त्यात बादलीभर पाणी ओतायचं आणि ताकासारखं पातळ करून फिरवायचं, असं सर्रास चालतं. असा प्रायमर भिंत ओली करतो, तिची तहान भागवत नाही. डब्यावर पाण्याचं प्रमाण छापलेलं असतं, मापाच्या मगाने तेवढंच घाला. प्रायमर वाळल्यावर फवाऱ्याच्या बाटलीने भिंतीवर चार-पाच ठिकाणी पाणी मारून बघा. एखादी जागा चटकन गडद झाली आणि बाकीच्या ठिकाणी पाणी ओघळलं, तर त्या जागेला अजून एक हात लागणार आहे. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि रंगाचा अख्खा डबा वाचवते.

पुट्टीच कच्ची असेल तर

प्रायमरही कच्च्या पुट्टीला वाचवू शकत नाही. घासलेल्या पुट्टीवर मास्किंग टेपचा तुकडा घट्ट दाबून झटक्यात ओढा. टेपवर हलकी भुकटी आली तर घासल्याची धूळ पुसायची राहिली आहे. पापुद्रे आले तर पुट्टी खरवडून पुन्हा भरा, दुसरा मार्ग नाही.

व्हाइट सिमेंटच्या पुट्टीला पाणी वजनाच्या साधारण ३६ ते ४० टक्के, म्हणजे एक किलोला ३६० ते ४०० मिली. कालवून दहा मिनिटं ठेवा, मग पुन्हा कालवा. कालवलेला माल दोन-तीन तासांत संपेल एवढाच घ्या. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरला की नेमकी हीच भुकटी सुटणारी पुट्टी मिळते. ही पुट्टी लावण्याआधी प्लास्टर पाण्याने ओलसर करायचं; कोरड्या प्लास्टरवर लावली तर तिच्यातलं पाणी प्लास्टर पिऊन टाकतं आणि सिमेंट जमायच्या आतच ती सुकते. दोन्ही हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर नको. खोल खड्डा असेल तर तो आधी प्लास्टरने भरायचा, पुट्टीने नाही.

आणखी एक गोष्ट: व्हाइट सिमेंटची पुट्टी जुन्या प्लास्टिक पेंटवर किंवा ऑइल पेंटवर धरत नाही. जुना रंग घट्ट असेल आणि तो ठेवायचाच असेल, तर पॉलिश पेपरने खरखरीत करून, प्रायमर मारून, वर तयार ॲक्रिलिक पुट्टी वापरा.

लाटा आणि पत्तीच्या ओळी

टॉर्चमध्ये सावल्या दिसल्या तर कितीही रंग मारा, सावल्या राहणारच. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये बऱ्याचदा खोलीला एकच खिडकी असते आणि तिचा प्रकाश शेजारच्या भिंतीवरून घसरत जातो. त्या भिंतीवर एक कागद जाडीचा उंचवटाही संध्याकाळी डोळ्यांत भरतो. म्हणून जास्त मेहनत त्या भिंतीवर घ्या. पलंगामागे किंवा कपाटामागे जाणाऱ्या भिंतीवर तेवढा जीव ओतायची गरज नाही.

पुट्टीचा पहिला हात खालून वर, दुसरा आडवा, म्हणजे पहिल्याच्या ओळी दुसऱ्यात भरून निघतात. हाताएवढी छोटी पत्ती सगळीकडे वापरली की लाटा येतात. मोठ्या भिंतीला रुंद पत्ती घ्या. घासताना पॉलिश पेपर बोटांनी दाबू नका, सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळा. बोटांच्या दाबाने खळगे पडतात आणि ते रंगानंतरच दिसतात. आधी १८० नंबरने उंचवटे काढा, मग ३२० नंबरने गुळगुळीत करा. घासायचं काम टॉर्च किंवा तिरका लावलेला बल्ब ठेवूनच करायचं. नुसत्या ट्यूबलाइटच्या समोरच्या उजेडात घासलेली भिंत दुसऱ्या दिवशीच्या उन्हात हमखास फसवते.

घासून झाल्यावर आधी कोरड्या फडक्याने आणि मग घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसा. धूळ राहिली की प्रायमर भिंतीला धरत नाही, धुळीला धरतो.

जुन्या चाळींत आणि जुन्या इमारतींत दारं-खिडक्यांवर आणि भिंतींच्या खालच्या भागावर ऑइल पेंटचे थर असतात, ते कोरडे घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं बरंच जास्त असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, मुलांना त्या दिवशी दुसरीकडे ठेवा आणि लादी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

रोलरच्या रेघा आणि जोडाच्या पट्ट्या

पृष्ठभाग चांगला, प्रायमर चांगला, तरी दोन-अडीच फुटांवर उभ्या पट्ट्या दिसतात. इथे चूक वेळेची. एक पट्टा मारून झाला, त्याची कड सुकली आणि त्यानंतर शेजारचा पट्टा तिच्यावर चढला. जिथे चढला तिथे रंगाचे दोन थर आणि वेगळा पोत. ओल्या कडेवर ओला रंग चढला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि जोड उरत नाही.

मुंबईत कड लवकर सुकते ती तीन कारणांनी: गरगरणारा सीलिंग फॅन, पश्चिमेच्या भिंतीवरचं दुपारचं ऊन आणि चालू एसी. हात मारताना फॅन आणि एसी बंद, खिडक्या उघड्या, पडदे ओढलेले. पश्चिमेची भिंत सकाळी करा, पूर्वेची दुपारनंतर. पेंटरला घामाघूम व्हायला होतं हे खरं. म्हणून प्रत्येक भिंतीनंतर पंख्याखाली बसू द्या, पण भिंतीच्या मध्यात नको. जेवणाची सुट्टी, चहा, फोन, सगळं कोपरा गाठल्यावर. अर्ध्यावर सोडलेल्या भिंतीवर ती सुट्टी पुढची पाच वर्षं दिसत राहते.

बारा फूट लांब, नऊ फूट उंच भिंतीला दोन माणसं हवीत: एकाने चार इंची ब्रशने छताची, कोपऱ्यांची आणि स्विचबोर्डभोवतीची कटिंग करायची, म्हणजे कडेच्या पट्ट्या रंगवायच्या, दुसऱ्याने लगेच मागोमाग रोलर चालवायचा. कटिंग दोन-तीन फुटांच्या वर पुढे जाऊ द्यायची नाही. छताखाली जी गडद चौकट दिसते ती याच कारणाने येते. सकाळी अख्ख्या खोलीची कटिंग उरकायची आणि दुपारी रोलर घ्यायचा, की ब्रशचा रंग आधीच सुकलेला असतो, त्याचा पोत रोलरपेक्षा वेगळा असतो आणि चौकट पक्की बसते. रोलर छतापासून दोन बोटांपर्यंत नेला तर ब्रशची पट्टी जवळजवळ झाकली जाते.

रोलर नऊ इंची, लोकर आखूड, साधारण ८ ते १० मिलिमीटरची. लांब लोकरीने गुळगुळीत भिंतीवर संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. स्पंजच्या रोलरने बुडबुडे येतात आणि ते फुटले की बारीक खड्डे राहतात. नवा रोलर थेट रंगात बुडवू नका. त्याच्यावर मास्किंग टेप गुंडाळून ओढा, सुटे तंतू निघून जातात. मग पाण्यात भिजवून चांगला पिळून घ्या.

ट्रेच्या उतारावर रोलर फिरवून जास्तीचा रंग काढायचा. भिंतीवर दोन-तीन फूट रुंदीच्या पट्ट्यात तिरका फिरवून रंग पसरवायचा, मग आडवा, आणि शेवटी नवा रंग न घेता वरून खाली हलका उभा फिरवायचा. हे शेवटचं फिरवणं सगळ्या भिंतीवर एकाच दिशेने असायला हवं. एक पट्टा खालून वर आणि दुसरा वरून खाली संपला की रंगाचा पोत वेगवेगळ्या दिशेने बसतो आणि तिरक्या उजेडात पट्टे दिसतात. जोर देऊन रोलर कोरडा होईपर्यंत ओढला की दोन्ही कडांना रेघा उठतात. थोडा जास्त रंग लागला तरी चालेल, रोलर कोरडा होऊ देऊ नका.

छताला शेवटचा हात खिडकीच्या दिशेने मारायचा.

पाणी आणि डबे

प्लास्टिक पेंटमध्ये पाणी ब्रँड आणि प्रतीनुसार बदलतं, बहुतेक आतल्या रंगांना साधारण ४० ते ६० टक्के, पण शेवटचा शब्द डब्यावरचा. अंदाजाने पाणी घातलं की पहिली बादली घट्ट, दुसरी पातळ, आणि भिंतीवर जिथे बादली बदलली तिथे सीमारेषा. एकच मग ठेवा, प्रत्येक वेळी तेच माप. बोअरचं किंवा टँकरचं खारं पाणी नको, नळाचं पिण्याचं पाणी घ्या. कालवलेला रंग जुन्या साडीच्या पातळ तुकड्यातून गाळून घ्या, सुकलेल्या सालींचे दाणे अडकतात.

माल किती लागेल हेही आधी मोजा. १० बाय १२ ची खोली, उंची ९ फूट: घेर ४४ फूट, म्हणजे ३९६ चौरस फूट. दार आणि खिडकी वजा करून सुमारे ३६०. चांगल्या प्लास्टिक पेंटचा एक लिटर दोन हातांत गुळगुळीत भिंतीवर १२० चौरस फुटांच्या आसपास जातो, म्हणजे तीन लिटर. एक-एक लिटरचे डबे आणू नका, चार लिटरचा घ्या. दोन डबे आणावे लागलेच, तर मशीनवर टिंट केलेल्या दोन डब्यांत किंचित फरक असू शकतो. काम सुरू करण्याआधी ते एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. दुसरा डबा आणायची वेळ मध्येच आली, तर नव्या डब्याची सुरुवात भिंतीच्या कोपऱ्यातून करा.

दोन हातांमध्ये चार तास, पावसाळ्यात आठ किंवा थेट दुसरा दिवस. पहिला हात ओला असताना दुसरा मारला की रोलर खालचा रंग उचलतो आणि जाळीसारखे डाग पडतात.

गडद शेड असेल तर

पिवळा, भगवा, लाल किंवा गर्द निळा निवडला तर दोन हातांत काम होईल ही आशा सोडा. या शेड ज्या बेसमध्ये (शेड मिसळण्याआधीच्या मूळ रंगात) बनतात त्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य फार कमी असतं, आणि झाकण्याची ताकद मुख्यतः त्याचीच. पांढऱ्या प्रायमरवर मारलेला लाल रंग तिसऱ्या हातातही ढगाळ दिसू शकतो. शेवटच्या शेडच्या जवळपासची, थोडी राखाडी छटा असलेली फिकट शेड पहिल्या हाताला वापरा, मग मूळ शेडचे दोन-तीन हात मारा.

डाग आणि ओल

पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर डोक्याच्या तेलाचा पट्टा असतो, देवघराच्या वर समईची काजळी, स्वयंपाकघरात फोडणीच्या वाफेची चिकट साय. यावर पाण्याचा रंग पसरत नाही, थेंब थेंब होऊन आकसतो किंवा पिवळा डाग दोन दिवसांनी वर येतो. भांडी घासायच्या लिक्विडच्या कोमट पाण्याने धुऊन, स्वच्छ पाण्याने पुसून, वाळल्यावर त्या भागाला ऑइल बेस प्रायमर लावा आणि मग नेहमीचं काम. साधा वॉटर बेस प्रायमर असे डाग अडवू शकत नाही.

ओलीची गोष्ट वेगळी. बाथरूमला लागून असलेली भिंत, पावसाच्या मारावरची बाहेरची भिंत, वरच्या मजल्याच्या मोरीखालचं छत, तिथला चट्टा रंगाचा नसतोच. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव साचलं तर भिंत ओली आहे. रंग थांबवा, आधी गळती शोधा. पांढरी भुकटी किंवा मिठासारखे कण दिसले तर लोणा लागला आहे. ते कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, मीठ पुन्हा आत मुरतं.

नव्या प्लास्टरला किंवा वायरिंगचे चर सिमेंटने भरल्यानंतर चार आठवडे द्या. ताज्या सिमेंटचा क्षार रंगातली काही द्रव्यं जाळतो आणि ती पट्टी फिकी पडते.

गणपतीच्या आधी रंगकाम उरकायचं म्हणून ऑगस्टमध्ये घाई होते. आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असताना रंग इतका हळू वाळतो की त्यातली साबणासारखी द्रव्यं वर येऊन तपकिरी, चिकट ओघळ दिसतात. घाबरू नका आणि त्यावर रंगही मारू नका. आठवडाभराने साध्या पाण्याने हलकं पुसलं की बहुतेक वेळा निघून जातात. पुन्हा आले तर पुन्हा पुसा.

बिघडलेली भिंत सुधारताना

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. रेघा आणि जोड असतील तर रंग पूर्ण वाळू द्या, ३२० नंबरने त्या कडा सपाट घासा, पुसा, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत एका दमात एका हाताने करा. ठिगळांची चमक वेगळी असेल तर आधी अख्ख्या भिंतीला प्रायमर, मग दोन हात. पुट्टीच्या लाटा असतील तर दिसणारे उंचवटे घासा, खळग्यांत पातळ पुट्टी भरा, तेवढ्या भागाला प्रायमर, मग अख्ख्या भिंतीला प्रायमर. मधल्या पायऱ्या गाळल्या की त्याच जागी तेच चट्टे येतात.

टचअप फक्त मॅट रंगावर जमतं, तेही त्याच डब्यातला रंग, तेवढंच पाणी आणि शक्य तिथे ब्रशऐवजी छोटा चार इंची रोलर वापरून. ल्यूस्टर, सॅटिन किंवा चमकदार फिनिशवर टचअप दिसणारच, तिथे अख्खी भिंतच करावी लागते. टचअपसाठी अर्धा लिटर न पातळ केलेला रंग काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवा, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावा, आणि बरणीवर शेडचा कोड, बॅच नंबर, फिनिश, तारीख आणि कुठल्या खोलीला वापरला ते लिहून चिकटवा.